जिन्यावरची घाई

“बिचारी वाटतच नाही गं ती. भाजी आणायला निघाल्यासारखी चाललीय, तरातरा.”

काचेपलीकडच्या खोलीत दिग्दर्शिका फोनवर कुणापाशी तरी कुरकुरत होती, आणि माइकचं बटण दाबलेलंच राहिलंय हे तिच्या गावीही नव्हतं. काचेच्या अलीकडे, अर्धवट अंधारात, कानांवर हेडफोन चढवून आणि पायांत दोन निराळे बूट घालून उभी असलेली बाई ते सगळं ऐकत होती. ऐकत कसली, तिच्या कानातच चाललं होतं ते.

“पाय दुखतोय, जिना संपता संपत नाहीय, असं काहीतरी यायला नको का? लोकांना आवंढा गिळावा लागला पाहिजे. दोनदा सांगितलं मी त्यांना. हो हो म्हणतात आणि पुन्हा तशाच चढतात.”

बटणाचं लक्षात आलं ते मास्तरांच्या. मास्तर म्हणजे रेकॉर्डिस्ट. त्यांनी हळूच बटण सोडवलं आणि काचेतून पाहत, काही झालंच नाही असा चेहरा केला. बाईंनीही तसाच केला. इतकी वर्षं एका काचेच्या दोन बाजूंना काढलेल्या माणसांना तेवढं जमतं.

बाईंना त्या इमारतीत सगळे पावलंबाई म्हणत. काम तेच होतं त्यांचं. पडद्यावर माणूस चालतो तेव्हा जो आवाज येतो तो बहुतेकदा त्याच्या पायांचा नसतो. चित्रीकरण चालू असताना सगळे माइक तोंडाशी धरलेले असतात, पायांकडे कुणी बघत नाही. मग चित्रपट कापून जोडून तयार झाला की अशा एखाद्या बंद खोलीत कुणीतरी पडद्याकडे बघत, त्या त्या माणसाच्या पावलावर पाऊल टाकत, सगळ्यांच्या वतीनं चालून घेतं. धंद्यात त्याला फोली म्हणतात. पावलंबाई राजाच्या चालीनं चालल्या होत्या, चोराच्या चालल्या होत्या, पळून जाणाऱ्या नवरीच्या आणि तिच्यामागे धावणाऱ्या बापाच्याही. एका चित्रपटात तर अख्खी पलटण त्यांनी एकटीनं चालवली होती आणि संध्याकाळी गरम पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या. चित्रपटाच्या शेवटी त्यांचं नाव यायचं खरं, पण तोवर प्रेक्षक उठून छत्र्या आणि पिशव्या शोधायला लागलेले असत.

खोलीच्या एका भिंतीला छतापर्यंत फळ्या, आणि फळ्यांवर बूट, चपला, सपाता, खडावा. नात्यागोत्यात कुणी जुनं पायताण टाकून देत नसे. पिशवीत घालून पावलंबाईंकडे पोचतं करत. आत्याच्या चपला होत्या, शेजारणीच्या उंच टाचा होत्या. नवऱ्याचे काळे बूट होते. तो बिचारा जन्मभर कापडाच्या दुकानात गज मोजत राहिला, पण गेल्यावर त्याच्या बुटांनी इतके फौजदार वठवले की विचारू नये. पावलंबाईंना त्यात गंमतही वाटे आणि बरंही वाटे. माणूस फिरता राहिला.

सगळ्यात खालच्या फळीवर, कोपऱ्यात, एकच बूट होता. जोडीतला दुसरा नव्हता. तपकिरी, डाव्या पायाचा, आणि तळवा तीन बोटं जाड करून घेतलेला. त्याला इथे सगळे खलनायक म्हणत.

आज दिवसभर पावलंबाईंनी त्याला हात लावला नव्हता.

*

तो बूट त्यांच्या ताईचा.

ताई त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठी. लहानपणी ताप डाव्या खुब्यात उतरला आणि तो पाय आखूड राहिला. वडील लवकर गेले, आई दवाखान्यात रात्रपाळी करायची, म्हणजे दुपार कलली की निघायचीच. ताई टेलिफोनच्या कचेरीत लागली ती अठराव्या वर्षी. तिन्हीसांजेला धाकटी तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत एकटी असायची. आतून कडी, टेबलावर पाटीपुस्तक, आणि कान जिन्याकडे. त्या लाकडी जिन्यानं दहा बिऱ्हाडांची माणसं चढायची. धाकटीला सगळी पावलं कळायची. खालचे सुतारकाका, वरची भांडखोर काकू, दारू पिऊन येणारा तो समोरचा. तो आला की ती दिवा बारीक करायची. आणि मग कधीतरी ते यायचं: टक-टप, टक-टप, टक-टप, दोन दोन पायऱ्या एका दमात खाल्ल्यासारखं. जाड तळव्याचा टक आणि साध्या बुटाचा टप. ते पहिल्या मजल्यावर ऐकू आलं की धाकटीच्या पोटातली गाठ सुटायची, दुसऱ्यावर आलं की ती पुस्तक मिटायची, आणि तिसऱ्यावर पोचायच्या आत कडी काढून उभी असायची. जगात त्याहून चांगला आवाज तिनं पुढे कधी ऐकला नाही, आणि आवाज ऐकणं हाच तर तिचा धंदा झाला.

हा धंदाही तिथूनच आला म्हणायचा. शिकवलं कुणी नाही. शिवणकाम करायला म्हणून स्टुडिओत लागली आणि एक दिवस पावलं टाकणारा माणूस आजारी पडला तेव्हा पुढे झाली.

मग तो चित्रपट आला.

अंधाऱ्या बोळांतून फिरणाऱ्या खुन्याची गोष्ट होती. अर्ध्या चित्रपटापर्यंत त्याचा चेहरा दाखवायचा नाही असं ठरलेलं. लिहिणाऱ्यानं त्याला दोन धडधाकट पाय दिले होते. पण चित्रपट जोडून झाल्यावर त्या वेळच्या मोठ्या साहेबांच्या लक्षात आलं की चेहरा नाही, आवाज नाही, म्हणजे हा तोच माणूस हे लोकांनी ओळखायचं कशावरून? सगळे विचारात पडले. कुणी म्हणालं शीळ द्या, कुणी म्हणालं किल्ल्यांचा जुडगा द्या. साहेब म्हणाले, लंगडू द्या त्याला. तेवढंच. चहाचा कप खाली ठेवता ठेवता म्हणाले. शेवटच्या मारामारीत तो नट दोन्ही पायांनी हरणासारखा पळतो, ते आजवर कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

पावलंबाईंनी फळीवर हात घातला. ताईनं नवा बूट करून घेतला होता आणि जुना आदल्याच आठवड्यात पिशवीत घालून दिला होता, तुझ्या कामाला येईल म्हणून. तो पायात चढवला आणि पाय आपोआप चालायला लागला. बाकीच्या पोरांना बडबडगीतं पाठ असतात तशी तिला ती चाल पाठ होती. टक-टप, टक-टप. काचेपलीकडे साहेब हसायला लागले. म्हणाले, हा खुनी आहे की सुटलेला कारकून? सावकाश घ्या. तिनं सावकाश घेतलं. आणखी सावकाश. आणि तो पाय उचलू नका, ओढा. तिनं ओढला. मधे श्वासभर थांबली, पुन्हा ओढला. तेव्हा तिच्या स्वतःच्याच अंगावर काटा आला, आणि काम फत्ते झालं की कुणालाही होतो तसा तिला आनंद झाला. आपण काय केलंय हे घरी जाऊन जेवेपर्यंत, झोपेपर्यंत, दुसऱ्या दिवशी उठेपर्यंतही तिच्या डोक्यात आलं नाही.

ते आलं चित्रपटगृहात. फुकट पास मिळाले होते, ताई आणि भाऊजी मोठ्या हौसेनं आलेले. ताई तिच्या शेजारी. बोळातला अंधार पडद्यावर आला, टक… सर्र… टक… सर्र… आणि पुढच्या रांगेतल्या बाईनं नवऱ्याचा हात घट्ट धरला. पावलंबाईंनी बाजूला पाहिलं. ताई समोर बघत होती. मध्यंतराला दिवे लागायच्या आधीच ताई उठली आणि मधल्या पायऱ्या चढून बाहेर निघाली. फळ्यांच्या पायऱ्या होत्या. टक-टप, टक-टप. चार-पाच माणसांनी दचकून मागे वळून पाहिलं, आणि मग ती माणसं हसली. ताई खाऱ्या दाण्यांच्या तीन पुड्या घेऊन परत आली. म्हणाली, “छान झालंय गं तुझं काम.”

त्यानंतर त्यावर कुणी अवाक्षर काढलं नाही.

चित्रपट तुफान चालला. गल्लीतली पोरं तसं चालायला लागली. ताई कामावर निघाली की चार पावलं मागून पाय ओढत येत, आणि तिनं वळून पाहिलं की साळसूद उभी राहत. मग ताई मागच्या रस्त्यानं जायला लागली. त्या रस्त्याला सावली आहे म्हणाली. झाड नव्हतं तिकडे औषधालाही. पावलंबाईंनी ते पाहिलं आणि त्याही म्हणाल्या, हो, तिकडे सावली आहे.

पुढे लंगडणारं कुणीही आलं की लोक तोच आवाज मागायला लागले. चेटकीण आली, भिकारीण आली, दुष्ट मावशी आली. पडद्यावर एकाही लंगडणाऱ्या बाईची बस चुकली नाही, कुणी भाव करून रताळी घेतली नाहीत, नवऱ्याशी भांडून माहेरी निघालं नाही. कुणाला तरी घाबरवायचं किंवा रडवायचं असलं की तेवढं लंगडायचं. दर वेळी पावलंबाईंनी तो बूट काढला. पोटाचा प्रश्न होता असं म्हणता आलं असतं, पण ते पूर्ण खरं नव्हतं. नाही म्हणायचं तर का नाही ते सांगावं लागलं असतं.

नवरा गेल्यावर त्या ताईकडेच राहायला आल्या. भाऊजी घड्याळं दुरुस्त करणारे, मुलखाचे थट्टेखोर. “मेव्हणीबाई, तुम्ही आलात पण तुमची पावलं ऐकू आली नाहीत, पैसे घेतल्याशिवाय वाजवत नाही वाटतं,” असं म्हणणारे. पण टीव्हीवर तो चित्रपट लागला की भाऊजींना तहान लागायची. पाणी प्यायला उठायचे आणि जाता जाता सहज हात लागल्यासारखा टीव्ही बंद करायचे. वर्षातून दोनदा तरी तो चित्रपट लागायचा. तिघंही मग बंद टीव्हीसमोर बसून, आज उकडतंय किती, यावर बोलायची.

*

आणि आता गुरुवारी ताईचं ऑपरेशन होतं. खुबा बदलायचा. गेली दोन वर्षं तो फार दुखायला लागला होता. डॉक्टर म्हणाले होते, पाय जवळजवळ सारखे होतील, जाड तळव्याची गरजच उरणार नाही. घरात आनंद होता. पावलंबाईंनाही होता. पण त्या दिवसापासून एक गोष्ट त्यांच्या मनात रुतून बसली होती. ती चाल आता चार दिवसांची सोबती. मग ती राहणार कुठे? खुन्याच्या पायात, चेटकिणीच्या पायात. बाकी कुठेच नाही.

नेमका याच आठवड्यात हा नवा चित्रपट पुढ्यात आला होता. दिग्दर्शिका तरुण, मनानं चांगली. तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की लंगडे खलनायक पाहून तिला वीट आलाय, म्हणून तिच्या चित्रपटाची नायिकाच एका पायानं अधू आहे, पोस्टात काम करणारी, एका मुलीची आई. पावलंबाई ऐकून हरखल्या होत्या. मग चित्रपट समोर आला. नटी चित्रपटभर भिंतीला धरून चालत होती. कुठेही निघाली की आधी एक सुस्कारा. तिला तसं चालायला सांगितलेलं होतं, आणि चित्रात जसं आहे तसं पाऊल टाकणं एवढंच पावलंबाईंच्या हाती. पडद्यावरच्या पायाशी भांडता येत नाही. त्या मुकाट्यानं चालल्या.

एकच प्रसंग निराळा होता. त्यात नटीचे पाय दिसतच नव्हते. कॅमेरा खोलीच्या आत. टेबलाशी मुलगी गणितं करतेय, आई बाहेर जिना चढून येतेय. मुलगी ऐकते, पुस्तक मिटते, उठून कडी काढते. बस. जिना नाही, आई नाही, फक्त आवाज. तो कसा असावा हे अजून कुणी ठरवलेलं नव्हतं. तो या खोलीतच ठरायचा होता.

तो प्रसंग पहिल्यांदा समोर आला तेव्हा पावलंबाई बराच वेळ जागच्या हलल्या नव्हत्या. मास्तरांना वाटलं पायाला गोळा आला.

तीच चाल, पण दुसऱ्या दोन बुटांनी, असं आज त्यांनी करून पाहिलं होतं. ते काही जमत नव्हतं. घाई येत होती, पण ती आपली कुणाची तरी घाई होती. त्यांचेही गुडघे आता पूर्वीचे राहिले नव्हते. आणि काचेपलीकडे ती पोरगी आवंढा शोधत होती.

“उद्या पुन्हा बघू या का?” पावलंबाईंनी विचारलं. दिग्दर्शिका लगेच हो म्हणाली. मास्तरांना हळूच काहीतरी सांगितलं तिनं. ते माइक बंद करून सांगितलं.

*

घरी आल्या तेव्हा ताई इस्पितळाची पिशवी भरत होती. भाऊजींचं म्हणणं होतं की तीन टॉवेल कशाला, पोहायला चालली आहेस का. ताईचं म्हणणं होतं की तुम्ही घड्याळं बघा, पिशवी मी बघते. एवढ्यात दूधवाल्यानं खालून हाक मारली आणि भाऊजी चष्मा शोधेपर्यंत ताई पातेलं घेऊन दारापर्यंत पोचलीसुद्धा. टक-टप, टक-टप. भाऊजी मागून ओरडत राहिले, की अगं डॉक्टरांनी काय सांगितलंय, परवा कापायचाय तो पाय, आज तरी त्याला बसू दे.

पावलंबाई चहाचा कप हातात घेऊन ते ऐकत होत्या. चहा निवून गेला.

ताईला नुसतं विचारायचं तर होतं. ये आणि तीन पायऱ्या चढून दाखव. पण का, असं ती विचारणार. आणि मग सगळंच निघालं असतं. इतक्या वर्षांचं झाकण असं ऑपरेशनच्या तोंडावर काढायचं का? आणि नाही काढलं तर मग काढायला उरणार काय?

“ताई,” त्या शेवटी म्हणाल्या, “उद्या येतेस माझ्या कामावर? तू कधी आलीच नाहीस.”

भाऊजी उठले आणि पाणी प्यायला गेले.

ताईनं टॉवेलाची घडी मोडून पुन्हा घातली. “जिना आहे का?”

“नाही. तळमजलाच आहे.”

“मग येते की,” ताई म्हणाली. का म्हणून विचारलं नाही तिनं. तेच पावलंबाईंना जास्त लागलं.

*

सकाळी ताई चांगले कपडे घालून, केस नीट बांधून निघाली. पाहुणी म्हणून जायचं तर पाहुणीसारखं दिसावं, असं तिचं मत. पावलंबाई तिच्याआधी खोलीत शिरल्या आणि खालच्या फळीवर एक पंचा टाकून आल्या. मग ताईला आणलं.

ताई फळ्यांपुढे उभी राहिली आणि नातेवाईक भेटावेत तशी एकेकाला भेटत गेली. आत्याच्या चपला पाहून म्हणाली, ही बया अजून चालतेच आहे का, जिवंत असताना तर खाटेवरून उठत नव्हती. मेहुण्याच्या काळ्या बुटांवरून तिनं हात फिरवला. खाली वाळूची परात, खडीची परात, फरशीचा तुकडा, आणि जिना म्हणून वापरायचा तीन पायऱ्यांचा लाकडी खोका. ताईला फार नवल वाटलं. एवढ्याशा खोक्यावर तीन-तीन मजले? पावलंबाई म्हणाल्या, त्याच तीन पायऱ्या पुन्हा पुन्हा चढायच्या. ताई म्हणाली, मग माझ्या नोकरीसारखंच की.

त्यांनी ताईला कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवलं. कसं विचारायचं याची जुळवाजुळव मनात चालू होती. आज दुसरे बूट जमत नाहीत, तू जरा तुझ्या पायानं… असं काहीतरी. तेवढ्यात भिंतीवरचा स्पीकर खरखरला. काचेतून मास्तरांना तो कोपरा दिसत नसे.

“पावलंबाई, आज आपला खलनायक काढा बरं का. उगाच कालच्यासारखं नको. मॅडमना तोच आवाज पाहिजे, तो जुना. लोकांच्या कानात बसलेला आहे.”

पावलंबाईंनी वळून ताईकडे पाहिलं.

“खलनायक कोण गं?” ताईनं विचारलं.

पावलंबाईंचे डोळे गेले ते पंच्याकडेच. ताईनंही तिकडे पाहिलं. मग ती उठली, वाकली, खुब्याला हात लावून एक कळ सोसली आणि पंचा उचलला.

“हा होय,” ताई म्हणाली.

तिनं बूट हातात घेऊन उलटा केला, तळवा पाहिला. कडेनं शिवण उसवलेली होती ती अंगठ्यानं दाबून पाहिली. आत टाचेपाशी तिनंच स्वतःच्या हातानं शिवलेला कापडाचा तुकडा होता. तो अजून होता. मग ती पुन्हा स्टुलावर बसली, डाव्या पायातला बूट काढला आणि जुना चढवला. बंद बांधले.

“बसतोय अजून,” ती म्हणाली. “कुठून चालायचं?”

“ताई, अगं डॉक्टरांनी जिना चढू नको म्हटलंय.”

“तीन पायऱ्यांना कुणी जिना म्हणत नाही. कुठून चालायचं ते सांग.”

पावलंबाईंनी तिला खोक्यापाशी नेलं. कठडा धरायला दिला. मास्तरांना काचेतून आता दुसरीच बाई दिसली तेव्हा ते खुर्चीतून अर्धे उठले, पण पावलंबाईंनी हात वर केला तशी पुन्हा बसले. दिग्दर्शिका काचेला येऊन टेकली. पडदा उजळला. टेबल, दिवा, मुलगी. पेन्सिल चावत मुलगी वहीकडे बघतेय.

ताई पडद्याकडे बघत राहिली. रेकॉर्डिंग सुरू झाल्याचा लाल दिवा लागला तरी तशीच. मग निघाली.

टक-टप, टक-टप, टक-टप, टक-टप.

पावलंबाईंनी डोळे मिटले. सुतारकाका आत गेले, काकूचं दार लागलं, आणि त्यांच्या पोटातली गाठ सुटली. एक्कावन्नाव्या वर्षी. डोळे उघडून पाहतात तो ताई खोक्याशी थांबलेली, दम खात, आणि पडद्यावरची पोरगी अजून वहीतच. आई दारात येऊन उभी राहिली तरी हिची बेरीज चालूच. कितीतरी वेळानं ती उठली आणि कडी काढायला निघाली.

स्पीकरमधून दिग्दर्शिकेचा आवाज आला, अगदी मऊ.

“छान. फार छान चाललात, मावशी. फक्त ते आधीच संपतंय. जरा सावकाश चढाल? आणि तो पाय किंचित ओढलात तर… म्हणजे लोकांना कळायला हवं ना, किती त्रास होतो त्या बाईला.”

“मी करते,” पावलंबाई घाईघाईनं म्हणाल्या. “काढ तो बूट ताई. मी करते सावकाश. मला येतं ते.”

“माहीत आहे मला, तुला येतं ते,” ताई म्हणाली.

कठडा धरून ती तशीच उभी राहिली. माइक कुठे आहे हे तिला ठाऊक नव्हतं, म्हणून ती सरळ काचेकडे बघून बोलली, टेलिफोनच्या कचेरीत बोलायची तशी, शब्द सुटा करून. मास्तरांचा हात यंत्रावर होता, पण लाल दिवा विझला नाही.

“तो सावकाश चालायचा ना, बोळातला, तो मी होते. माझा बूट होता आणि माझी चाल होती. हिनं घेतली. हिला माहीत आहे, मलाही माहीत आहे. माझ्या नवऱ्यालासुद्धा माहीत आहे, नाहीतर माणसाला इतकी तहान लागत नाही. गल्लीतली पोरं माझ्यामागून तशी चालायची. आम्ही कुणी बोललो नाही, एवढंच.”

पावलंबाईंनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. ताईनं तिच्याकडे न बघताच हात लांब करून तिचा दंड धरला. धरला तो घट्ट, रस्ता ओलांडताना धरायची तसा.

“चाल घेतलीस त्याचं काही नाही गं. त्यातली घाई तेवढी काढून टाकलीस.” मग पुन्हा काचेकडे वळून म्हणाली, “सावकाश मला जमायचं नाही. मी सावकाश कधी चढलेच नाही. वेळ उरतोय ना तुमचा, मग मला उशिरा सोडा. कचेरीतून मी उशिराच निघायचे. म्हणून तर धावत चढायचे. ही घरात एकटी असायची.”